जुन्या बॅगपाईपचा वाजवी भाव

गेल्या अंकात पाईप बँडविषयी लिहिले आणि आलेल्या पत्रांचा रोख भलतीकडेच वळला. वादनाबद्दल फारसे कुणी विचारले नाही. बहुतेकांना जुना बॅगपाईप घ्यायचा आहे, नाहीतर विकायचा आहे आणि समोरचा आपल्याला फसवत तर नाही ना, ही धाकधूक दोन्ही बाजूंना आहे. म्हणून या वेळची सगळी जागा त्या व्यवहाराला.

काही शब्द आधीच सांगून ठेवतो. काखेत दाबायची ती बॅग. तोंडात धरून फुंकायची ती ब्लोपाईप. बोटांनी वाजवायचा तो चँटर. खांद्यावर टेकतात ते तीन ड्रोन, त्यांत दोन आखूड टेनर आणि एक लांब बास. हे तिघे षड्ज धरून बसतात. या पाचही नळ्या ज्या लाकडी तोट्यांतून बॅगेत शिरतात त्या तोट्यांना स्टॉक म्हणतात. आणि आत, वरून न दिसणारी, चार रीड.

आजोबा मराठा पलटणीच्या पाईप बँडमध्ये होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. त्यांचा बॅगपाईप माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. पिशवी लाकडासारखी कडक झाली आहे, पण नळ्यांवरच्या पांढऱ्या बांगड्या शाबूत आहेत. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, "हस्तिदंत आहे, दीड लाख देतो, मात्र पावती मिळणार नाही." देऊन टाकावा का?
— एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

पावती का मिळणार नाही, हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक आहे. त्या बांगड्या खरोखर हस्तिदंती असतील तर भारतात त्यांची विक्री हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या दाताचाही झाला. वस्तू शंभर वर्षांची आहे, आजोबांची आहे, वाद्याचा भाग आहे, यातली कुठलीही सबब विक्रीला चालत नाही. व्यापारी हे जाणून दीड लाख बोलतो. उद्या काही झाले तर तो म्हणेल, मला काय माहीत, यांनीच दिले.

पण आधी हस्तिदंत आहे का ते तर पाहू. माझा कल 'नाही'कडे आहे. पलटणींना मिळणारे पाईप साधे असत. नुसते लाकूड, जर्मन सिल्व्हरची कडी (ज्यात चांदी औषधालाही नसते) किंवा हस्तिदंताची नक्कल. नक्कल बहुधा सेल्युलॉइडची. बांगडीची कड दिवसाच्या उजेडात भिंगाखाली धरा. हत्तीच्या दातात, विशेषतः आडव्या कापाच्या बाजूला, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. सेल्युलॉइडमध्ये एक तर काहीच दिसत नाही, नाहीतर समांतर, शाळकरी पट्टीने आखल्यासारख्या रेघा दिसतात. ती रेघारेघांची ऐट मुद्दाम आणलेली असते. कोरड्या फडक्याने बांगडी जोरात घासून लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापवलेली सुई टोचून पाहा असा सल्ला कुणी देईल, तो मात्र ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

जाळी दिसलीच तर विकण्याचा विषय तिथेच संपवा. तुमच्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊन विचारा. वारशाने आलेली अशी वस्तू नुसती घरात ठेवायलाही कागदोपत्री बाजू स्वच्छ लागते.

कापराचा वास आला, तर वाद्य मोकळेपणाने विकता येईल. मग भाव लाकडाचा आणि लाकडातल्या भोकाचा. बॅगेचा भाव शून्य धरा, रीडचाही शून्य. दोऱ्याचे वेटोळे काढून स्टॉकच्या टोकाचे उघडे लाकूड पाहा. गर्द काळसर-जांभळे आणि आकाराच्या मानाने जड असेल तर आफ्रिकन ब्लॅकवुड. चॉकलेटी, किंचित हिरवट झाक असलेले, तितकेच जड असेल तर कोकस, जे जुन्या स्कॉटिश कारागिरांचे आवडते होते. तांबूस आणि हलके निघाले तर आपले शिसम, म्हणजे वाद्य याच उपखंडात घडले. नळीवर किंवा स्टॉकवर छोट्या बाणाची खूण दिसली तर ते ब्रिटिश सरकारी मालाचे चिन्ह. त्याने वाद्य चांगले ठरत नाही, पण आजोबांची हकिकत आणि वाद्य यांचा धागा जुळतो.

आणि एक विचारू का? दीड लाखाचे आमिष बाजूला ठेवले तर तुम्हाला विकायचाच आहे का? ब्लॅकवुडचा सुस्थितीतला संच असेल तर नवी बॅग, नवी रीड, नवा चँटर घालून तो पुन्हा बोलता करता येतो. शिसमाचा असेल तर बाजारात त्याला इतका कमी भाव मिळेल की ट्रंकेतच राहिलेला बरा.

शेजारच्या गावातल्या शाळेने पाईप बँड बंद केला. आठ बॅगपाईप प्रत्येकी ९,००० रुपयांना देतो म्हणतात. "सियालकोटचा अस्सल माल, दोन तर अजून पेटीतून काढलेलेही नाहीत." आमच्या शाळा समितीने घ्यावेत का?
— एक क्रीडाशिक्षक, नाशिक जिल्हा

सियालकोट हे नाव ऐकून हुरळू नका आणि नाकही मुरडू नका. इंग्रजांच्या काळात तिथे मोठी छावणी होती. पलटणींच्या वाद्यांची डागडुजी करता करता तिथले कारागीर वाद्येच घडवू लागले. आज जगात संख्येने सर्वांत जास्त बॅगपाईप तिथेच बनतात. आपल्याकडे बँडच्या वाद्यांसाठी मेरठची जालीकोठी प्रसिद्ध आहे. दोन्हीकडे बरा माल निघतो आणि भिंतीवर टांगण्याच्या लायकीचाही निघतो. अडचण ही की एकाच कारखान्यातून, एकाच पेटीतून दोन्ही निघतात. म्हणून आठांचा सरसकट एक भाव हाच मला खटकतो. तुम्ही प्रत्येक पाईप वेगळा तपासा आणि त्याचा भावही वेगळा ठरवा.

'पेटीतून काढलेला नाही' ही जमेची बाजू नव्हे. तो का काढला नाही, हा प्रश्न आहे. आणि कुणी नवा सियालकोटी माल म्हणून जास्त पैसे मागू लागला तर तारीख विचारा. फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले आणि मे २०२५ पासून आयात पूर्णच बंद आहे. तुमच्यासमोरची वाद्ये बऱ्यापैकी जुनी असणार.

तपासणीला एक सकाळ लागेल. बरोबर कुणी फौजी पायपर मिळाला तर उत्तम. नाशिकजवळ देवळालीला छावणी आहे, निवृत्त मंडळी आसपास असतात, एक शब्द टाकून पाहा. पहिले काम, प्रत्येक ड्रोनचे तुकडे सोडवून उजेडाकडे धरून आरपार पाहा. भोक गोल, सरळ आणि गुळगुळीत हवे. आत तंतू उभे राहिलेले, पायरी पडलेली किंवा दोन्ही टोकांकडून पाडलेली भोके मध्ये जुळलेली नाहीत असे दिसले तर तो ड्रोन कधीच स्थिर बोलणार नाही. मग त्यावर कितीही नक्षी असो. दुसरे, नळीचे एक टोक तळहाताने घट्ट बंद करून दुसऱ्या टोकाने हवा ओढा. जीभ चिकटून राहिली पाहिजे. हळूहळू सुटली तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी. तिसरे, दोन्ही टेनर शेजारी ठेवा. लांबी, कातीव रेघा, गाठी हुबेहूब हव्यात. फरक दिसला तर मोडलेल्या दोन पाईपांचा मिळून एक केला आहे. चौथे, काळा रंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने भोकाच्या आतली कड पुसा. फडके काळे झाले तर शिसमाला रंग फासून ब्लॅकवुड म्हणून खपवला आहे. रंग असणे हा दोष नाही, शिसम चांगले वाळलेले असेल तर वाजते. दोष त्या रंगाचे पैसे घेण्यात आहे.

बॅगांचे म्हणाल तर आठही बॅगा बदलाव्या लागतील असे धरूनच चाला. चामडी बॅग वापरात नसली की वाळून हवा सोडते. ब्लोपाईपची झडप, रीड, मेणदोरा हेही नवेच लागेल. हा खर्च आधी काढा, तेवढीच नवी मेरठी वाद्ये कितीला पडतील तो भाव एका ठिकाणाहून लेखी मागवा आणि त्यातून खर्च वजा करा. उरेल त्याच्या अर्ध्यावर माझे मन बसेल. वापरलेल्या शालेय वाद्याला त्याहून जास्त देऊ नये. कारण ते मुलांच्या हातून गेलेले असते.

सगळ्यांत महत्त्वाचे चँटर. आठ चँटर तीन कारखान्यांचे असले तर बँड कधीच एका सुरात येणार नाही, मग मास्तर कितीही ओरडोत. शिवाय स्वर चढवण्यासाठी कुणीतरी चाकूने भोके मोठी केलेली असतात. असे चँटर मी फुकटही घेत नाही. ड्रोनमधले पाच संच बरे निघाले तर पाच घ्या, उरलेले तीन सुट्या भागांसाठी नगावर नव्हे, एकत्रित किरकोळ किमतीत मागा. वाचलेल्या पैशांत एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे प्लॅस्टिकचे नवे चँटर आणि त्यांना साजेशी हलक्या दमाची रीड आणा. आणि हो, मुलांच्या हाती पूर्ण वाद्य देण्याआधी काही महिने सराव-चँटरच द्या. तो बॅगेविना, सुंदरीसारखा तोंडाने वाजवायचा असतो आणि त्याला पैसेही थोडे लागतात.

मी सुगम संगीताला हार्मोनियमची साथ करतो. ओळखीच्या एकाचा बॅगपाईप स्वस्तात मिळतो आहे. काळी दोनमध्ये लावून मिळेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

नाही. बॅगपाईपची पट्टी चँटरच्या भोकांनी ठरवलेली असते. आजच्या चँटरचा षड्ज साधारण ४७५ ते ४८२ हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी. पेटीवर तो स्वरच नाही. जुना चँटर थोडा उतरलेला असतो, काळी पाचच्या जवळ येऊ शकतो. काळी पाचच्या आसपास लावून देणारे खास चँटरही मिळतात. पण नऊच स्वर, निषाद कोमल, आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही. गायकाला साथ करायला घेत असाल तर स्वस्तातही महाग पडेल.

मी ग्लासगोत नोकरीला आहे, वर्षभर पायपिंग शिकतो आहे. दोन वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. एक जाहिरात पाहिली: "१९२०च्या सुमाराचा हेंडरसन, चांदी आणि हस्तिदंत, ४,५०० पौंड, घासाघीस नाही." आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू म्हणून घ्यावी का? की नवीनच बरा?
— एक अभियंता, ग्लासगो

पुण्याला परतायचे असेल तर हा घेऊ नका. बाकी सगळे उत्तर या एका वाक्यापुढे दुय्यम आहे. हस्तिदंत भारतात आणता येत नाही. तिथेही बंधने आहेत. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, अंमल जून २०२२ पासून. १९७५ पूर्वीच्या वाद्यात हस्तिदंताचे प्रमाण आकारमानाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर विकता येते, पण आधी नोंदणी करावी लागते. विक्रेत्याला नोंदणी क्रमांक विचारा. तो 'कसला क्रमांक' म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. सीमेवर काय होते त्याचा दाखला द्यायचा तर २०१४ साली कॅनडातल्या स्पर्धेहून अमेरिकेत परतणाऱ्या दोन किशोरवयीन पायपरांचे पाईप व्हरमाँटच्या नाक्यावर हस्तिदंतामुळे जप्त झाले होते. दंड भरून परत मिळाले, पण तो गाजावाजा आणि मनस्ताप कुणाला हवा?

तरी या जाहिरातीवर थोडे रेंगाळतो, कारण अशी जाहिरात उद्या हस्तिदंताशिवायही समोर येईल. हेंडरसन, लॉरी, ग्लेन, मॅकडूगल ही नावे उगाच मोठी झालेली नाहीत. त्यांच्या ड्रोनच्या भोकांची मापे आजचे कारागीर डोळ्यांसमोर ठेवून काम करतात. पण जुन्या ड्रोनवर नाव असतेच असे नाही. नाव बहुतेक वेळा चँटरवर कोरलेले असते आणि चँटर हाच वाद्याचा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग. हेंडरसनच्या चँटरला कुणाचेही ड्रोन जोडता येतात. म्हणून नाव कुठे आहे ते विचारा. फक्त चँटरवर असेल तर त्या नावाचे पैसे फक्त चँटरचे. आणि तो चँटरही आजच्या बँडच्या पट्टीत बसणार नाही.

चांदीचेही तसेच. स्कॉटलंडमध्ये चांदीवर सरकारमान्य छाप असतो. एडिनबराचा तीन बुरुजांचा किल्ला. ग्लासगोचा झाड, पक्षी, मासा आणि घंटा असलेला, पण ते कार्यालय १९६४ मध्ये बंद झाले. सोबतच्या अक्षरावरून साल निघते. ते साल चांदीचे, लाकडाचे नव्हे. साधा पाईप घेऊन त्यावर नंतर चांदी चढवणे हा तिथला जुना रिवाज आहे. लग्नाला, बढतीला, निवृत्तीला अशी चांदी भेट दिली जाई. त्यामुळे १९५० च्या छापाची चांदी १९२० च्या लाकडावर असू शकते. उलट, १९२० च्या छापाची चांदी नव्या लाकडावरही असू शकते, आणि तिथे सावध राहायचे.

आता तुम्ही काय घ्यावे. एखाद्या नामांकित कारागिराचा, दहा-पंधरा वर्षे जुना, ब्लॅकवुडचा, नकली हस्तिदंताच्या बांगड्यांचा संच. मॅककॅलम, नेल, हार्डी अशा नावांचे संच तिथे सतत हात बदलत असतात, कारण लोक हौसेने घेतात आणि दोन हिवाळ्यांत शेजारी कंटाळतात. भाव काढायचा तर त्याच कारागिराकडे आज तोच नमुना नवा कितीला मिळतो ते पाहा. लाकूड निर्दोष असेल तर त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत मी जाईन. बॅग, रीड जुनी म्हणून आणखी वजा. चँटर चांगल्या नावाचा आणि अलीकडचा असेल तर तेवढी भर. "पहिल्या श्रेणीच्या बँडमध्ये वाजलेला" या विशेषणाची भर मात्र शून्य. उलट अशा बँडमध्ये पाईप रोज ओला होतो. ब्लोपाईप आणि तिचा स्टॉक आधी तपासा, सगळी ओल तिथे साचते आणि पहिला तडाही तिथेच जातो.

ब्लॅकवुडची चिंता नको. शिसवाच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम लागले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

पैसे देण्याआधी तुमच्या शिक्षकांना तो पाईप वाजवायला द्या. तुम्ही स्वतः वाजवलात तर तुमचीच फुंक डळमळेल आणि दोष पाईपला जाईल. विक्रेता वाजवू देत नसेल तर समजून जा. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर जागतिक स्पर्धा असते. तेव्हा जगभरचे बँड तुमच्या गावात येतात, विकणारेही येतात. थांबता आले तर तोवर थांबा. पण तिथल्या गर्दीत, वाद्य पुरते न ऐकता, पाकीट काढू नका.

डेहराडूनहून आणलेला बॅगपाईप दोन उन्हाळ्यांत बास ड्रोनला तडकला. विकताना किती उतरवू?
— एक वाचक, नागपूर

तडा किती लांब आहे त्यापेक्षा तो भोकापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहा. वर सांगितलेली हवा ओढून पाहण्याची परीक्षा करा. वरवरचा असेल तर चांगल्या काताऱ्याकडून चिकटवून, वरून दोरा आवळून घ्या. अशा ड्रोनचा आवाज बिघडत नाही. भाव पाचवा हिस्सा उतरवा. आरपार गेला असेल तर बासचा तो तुकडा नवा करावा लागेल आणि खर्च विकत घेणाऱ्याच्या अंगावर पडेल, तेव्हा भाव निम्म्यावर आणा. स्टॉकमधला तडा त्या मानाने क्षुल्लक, स्टॉक नवा करणे सोपे. आणि बॅगपाईप कूलरच्या झोतात किंवा गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर ते थांबवा, निदान नवा मालक येईपर्यंत तरी तो सांभाळा. भोकाला बदामाच्या तेलाचा हलका हात वर्षातून दोनदा पुरे.

बदलीमुळे माझा चांगला संच विकायचा आहे. जाहिरात टाकली की "लास्ट प्राईस?" एवढेच मेसेज येतात. काय लिहू?
— एक वाचक, पुणे

"लास्ट प्राईस" विचारणाऱ्यांना उत्तरच देऊ नका, त्यातला एकही बॅगपाईप घेणारा नसतो.

जाहिरातीत कारागीर, साल (अंदाजे असेल तर 'अंदाजे' असे), लाकूड, कड्यांचा धातू, बांगड्यांचा पदार्थ आणि नाव नेमके कोणत्या भागावर कोरले आहे, एवढे लिहा. दुरुस्ती झाली असेल तर स्वतःहून सांगा. ती उघडी पडतेच, आणि उघडी पडली की उरलेल्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतात. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. सगळे भाग सुटे मांडलेला एक, दोन्ही टेनर शेजारी-शेजारी एक, प्रत्येक खूण जवळून आणि तडा असेल तर त्याचाही. झालर लावलेल्या, टार्टन गुंडाळलेल्या अख्ख्या पाईपचा फोटो शेवटी. दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग जोडा, त्यात आधी फक्त ड्रोन लावून दाखवा, मग सूर धरून चँटर.

घेणारे मर्यादित आहेत. निवृत्त फौजी, शाळांचे बँड मास्तर, लग्नाच्या पाईप बँडचे मालक आणि थोडे हौशी. लग्नाच्या बँडवाल्याला देखणेपण हवे असते, हौशी माणसाला सूर. तुमचा संच खरोखर चांगला असेल तर हौशी माणूस शोधा, त्यात तीन-चार महिने जातील. मागायची किंमत मनातल्या किमतीहून दहा टक्के वर ठेवा, त्याहून वर नको. पाईप बाहेरगावी पाठवायची वेळ आली तर सगळे सांधे सोडवा, रीड काढून वेगळ्या डबीत घाला, चँटर एकटा गुंडाळा आणि कुरिअरवाल्याला पेटीत काय आहे ते स्पष्ट लिहून द्या. अर्धी रक्कम आधी, अर्धी वाद्य हातात पडून वाजवून पाहिल्यावर. घेणाऱ्याला आठ दिवसांची मुदत द्या आणि त्या आठ दिवसांत बदलीच्या गावी निघू नका.